चाळीस बाजार

"हेमराज, आवाज येत नाहीये तुझा," पुण्याहून कोणीतरी म्हणालं, आणि त्याच वेळी टेबलावरचा मोबाइल तिसऱ्यांदा थरथरला.

स्क्रीनवर बावीस चेहरे होते. कंपनीने आज त्याला मुद्दाम बोलायला लावलं होतं. विषय त्याचाच लाडका: माणसाने स्वतःपुरती बनवलेली छोटी अवजारं, आणि एआय मदतीला घेतलं की ती किती झटपट होतात. तळोद्याच्या भाड्याच्या घरात बसून पुण्याची नोकरी करणाऱ्या हेमराज पाटलाला असल्या अवजारांचं वेडच होतं. कोरीटला वडिलांच्या विहिरीवर लाइट कधी येणार ते सांगणारं एक. छतावरची टाकी भरत आली की शिट्टी मारणारं दुसरं. आईच्या गोळ्यांची आठवण करणारं तिसरं. यातलं एकही विकायला नव्हतं. शिंपी उरलेल्या कापडात घरच्या पोरांचे सदरे शिवतो, तसा हा प्रकार होता, आणि त्याचा त्याला नोकरीपेक्षा जास्त अभिमान होता.

"हे 'पाळणा'," तो सांगत होता. "बायको नर्स आहे. डोंगरातल्या पाड्यांवर कुठल्या बाईची तारीख कधी आहे, तिला न्यायला जीप कधी पाठवायची, ते हे सांगतं. पहिल्यांदा लिहायला मला तीन महिने लागले होते. दिवाळीत पुन्हा लिहिलं, एका दुपारीत."

चौथ्यांदा फोन थरथरला तेव्हा त्याने उचलला.

"मीटिंगमा शेतस का? ठेवा ती मीटिंग." त्याच्या बायकोचा, चेतनाचा, श्वास फुललेला होता. "केवडीबारनी सोनमले रातपासून कया सुरू शेतस."

"सोनमले? तिनी तारीख तर..."

"एकवीस. पायनामा एकवीस दाखाडस, मी आत्तेच पाह्यं. जीप चौदाले जाणार व्हती. सरकारी गाडी धडगावकडे गयेल शे. उदेसिंगले सांगेल शे मी. किट काढी ठेवा, मी घर ई ऱ्हायनी."

त्या दिवशी डिसेंबरची अकरा तारीख होती.

सोनमचं नाव घरात रोज निघायचं. वय बावीस. दोन वर्षांपूर्वी पोट फाडून बाळंतपण झालं होतं आणि ते बाळ आठव्या दिवशी गेलं. आधीचा टाका असलेल्या बाईला घरी कळा देत बसू देणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून चेतनाने तिच्यासाठी नियमच करून टाकला होता: तारखेच्या सात दिवस आधी उदेसिंगची जीप वर जाईल आणि सोनमला खाली आणून ठेवेल. पण नवराबायको मजुरीला सौराष्ट्रात. परत आली दिवाळीनंतर, तेव्हा आठवा महिना लागून गेला होता. इतक्या उशिरा केलेली सोनोग्राफी दोन-तीन आठवडे इकडेतिकडे बोलते. राहिली होती ती सोनमने तोंडी सांगितलेली खूण. तिच्यावरूनच पाळण्याने एकवीस तारीख काढली होती.

हेमराजने मीटिंगमध्ये दोन शब्दांत माफी मागितली आणि कपाटातून किट काढून दाराशी ठेवलं. नऊ-दहा दिवस आधी कळा सुरू होऊ शकतात, त्यात आक्रीत काही नाही, असं स्वतःला सांगत त्याने सहज सोनमची नोंद उघडली. गाव केवडीबार. शेवटची पाळी: होळीच्या दुसऱ्या दिवशी. बाळंतपणाची तारीख एकवीस डिसेंबर.

'होळी' या शब्दावर येऊन तो थांबला.

होळी. कुठली होळी?

तापीकाठच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. कोरीटमध्ये होळी एकच, पुनवेची. कॅलेंडरवर छापलेली. पण वर सातपुड्यात प्रत्येक गावाची होळी वेगळ्या दिवशी पेटते, कोणाची पुनवेच्या आठ-दहा दिवस आधी, कोणाची नंतर. आज या गावची, उद्या त्या गावची. म्हणजे सगळ्यांना सगळ्यांच्या होळीला ढोल घेऊन जाता येतं. सोनमसारखी बाई 'होळीच्या दुसऱ्या दिवशी' म्हणते तेव्हा ती आपल्या गावची होळी सांगत असते, भिंतीवरच्या कॅलेंडरची नाही.

आणि हे हेमराजला माहीत होतं. हीच तर खरी बोच होती. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसून चेतनाने आपल्या निळ्या डायरीतून एकेका गावाची होळी वाचली होती आणि त्याने ती टाइप केली होती. त्रेचाळीस गावं. तिला भाकरी थापता थापता सांगायचा कंटाळा आला की ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या आते, उरेल उद्या," आणि तो म्हणायचा, "नही, पुरं करूत." त्या यादीच्या डोक्यावर त्याने स्वतः एक ओळ लिहून ठेवली होती: चेतनाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

दिवाळीच्या सुट्टीत, कोरीटच्या ओसरीत लोळत, फराळाचं ताट शेजारी ठेवून त्याने सगळा जुना कोड एआयसमोर टाकला आणि म्हटलं, हे नीट, सुटसुटीत करून दे. त्याने करून दिलंही. मध्ये एकदा विचारलं होतं. हेमराजने आता ते संभाषण शोधून काढलं. शब्द समोर होते. 'एकाच सणासाठी गावागणिक वेगवेगळ्या तारखा दिसत आहेत. शिवाय या यादीवर विचारल्याशिवाय बदल करू नये असं लिहिलं आहे. ही यादी ठेवायची, की कॅलेंडरची एकच तारीख वापरायची?'

खाली त्याचं उत्तर होतं. 'एकच वापर.' आणि लगेच, 'पुढे चल.'

यंत्राने चूक केली असं म्हणायचीही सोय उरली नव्हती. त्याने विचारलं होतं. हेमराजने चकलीचा तुकडा मोडत, पूर्ण न वाचता, हो म्हणून टाकलं होतं.

जुनी फाइल एका कोपऱ्यात होती. केवडीबार: पुनवेच्या नऊ दिवस आधी. एकवीसमधून नऊ गेले, बारा. म्हणजे उद्या. जीप पाच तारखेलाच जायला हवी होती.

खाली हॉर्न वाजला.

उदेसिंगची जीप गावाबाहेर पडून डोंगराच्या रस्त्याला लागली तरी हेमराजने चेतनाला यादीचं सांगितलं नव्हतं. "मी बी येस," एवढंच म्हणून तो मागे चढला होता, आणि चेतनालाही का म्हणून विचारायला सवड नव्हती. ती किटमधल्या सलाइनच्या बाटल्या मोजत होती, मध्येच फोन लावत होती, रेंज जात होती. उदेसिंग एरवी मोठमोठ्याने बोलणारा गडी, वळणावळणाला गाणं म्हणणारा. आज त्याची नजर रस्त्यावरून हलत नव्हती.

"मन्हंच चुकनं," चेतना एकदम म्हणाली.

"काय?"

"तारीख. तिनी काहीतरी येगळं सांगं व्हई आणि मी येगळं लिखं व्हई. त्या दिवशी बारा बाया व्हत्यात शिबिरमा, घाई व्हती." तिने कपाळावरचा घाम पदराने पुसला. थंडीचे दिवस होते. "डायरीमा लिखती तं आज पाहता येतं. डायरीच सोडी दिन्ही मी. पायना शे म्हनीसन."

हेमराजने तोंड उघडलं. सांगायची हीच वेळ होती. पण आत्ता सांगितलं आणि तिचं चित्त विचलित झालं तर? वर पोचल्यावर तिचेच हात लागणार होते. हे कारण खरं होतं. आणि त्या कारणाआड लपायला त्याला बरं वाटत होतं, हेही तितकंच खरं होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. स्वतःची एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

रस्ता संपतो तिथून केवडीबार पायी तासाभरावर. पण जीप थांबायच्या आधीच वरून माणसं उतरताना दिसली. चौघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला बांधलेली गोधडीची झोळी, आणि झोळीच्या शेजारून, एका हाताने तिचा काठ धरून, भराभर चालणारी एक म्हातारी. सोनमची सासू, दिवलीबाई.

चेतना धावली. झोळी खाली ठेवायच्या आत तिचा हात सोनमच्या पोटावर होता.

"सोनम, बाई, टाक्यावर दुखतंय का? नुसत्या कळा, का टाक्यावर पण?"

सोनमने चेतनाचं मनगट पकडलं आणि जुन्या टाक्यावर नेऊन ठेवलं. चेतनाने तिथे हलकेच दाबून पाहिलं.

"गाडीत. चला, चला, गाडीत घ्या."

मागच्या बाकावर सोनमला निजवलं. तिचं डोकं दिवलीबाईच्या मांडीवर, नवरा पायाशी. हेमराज सलाइनची बाटली उंच धरून वाकून उभा राहिला. जीप उलटी फिरली. दिवलीबाईची भाषा पावरी, पण बाजारापुरती मराठी तिला येत होती. ती चेतनाशी बोलू लागली. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

"सिस्टर, चाळीस बाजार झाले ना. मी मोजते. दर आठवड्याच्या बाजाराला एक खडा टाकते गाडग्यात. आमरी होळी झाली, तिथून. माझ्या सगळ्या पोरांचे असेच मोजले. परवाच्या बाजाराला चाळीस पुरे झाले."

चेतना नाडी बघत होती. तिची बोटं मनगटावर तशीच राहिली, मान मात्र हळूहळू वर आली.

"मी आशाताईला बोलली," दिवलीबाई सांगत होती, "आता न्या, दिवस भरले. ती बोलली, कागदावर चौदा आहे. मशीनचा कागद आहे, चुकत नाही. मग आम्ही थांबलो. तुझा कागद, म्हणून थांबलो."

जीप खड्ड्यात आपटली. चेतनाने हेमराजकडे पाहिलं. आमरी होळी हे दोन शब्द तिला पुरले होते. त्या यादीतली एकेक ओळ तिच्याच तोंडून गेली होती.

"त्या गावसनी यादी कोठे गयी?" तिने विचारलं.

"मी काढी टाकी."

"कव्हय?"

"दिवाईले. माले इचारं व्हतं त्यानी. मी वाचं नही."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तरी हेमराजने त्या हात जोडून घेतल्या असत्या. पण ती सोनमकडे वळली, तिच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "माझ्याकडे बघ. डोळे मिटू नको. किती राहिलं आता? हा घाट उतरला की झालं."

घाट उतरला, पण झालं नाही. पायथ्याच्या अरुंद रस्त्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही शिगोशीग. उदेसिंगने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. ट्रॅक्टरवाल्याला कडेला घ्यायला जागा नव्हती. तो कान पाडून आपल्या चालीने चालला होता. चेतना मिनिटामिनिटाला नाडी मोजत होती आणि दर वेळी आकडा आधीपेक्षा मोठा येत होता. सोनमच्या कळा अचानक थांबल्या. हेमराजला वाटलं, बरं झालं, बिचारीला जरा आराम. त्याने तसं म्हटलंही.

"नही," चेतना दातांतून म्हणाली. "ते चांगलं नही."

तेवढ्यात उदेसिंगने जीप सरळ शेतात घातली. बांधावरून, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडत, ट्रॉल्यांना वळसा घालून ती पुन्हा रस्त्यावर आली. हेमराजचं डोकं छताला आपटलं, पण हातातली बाटली त्याने खाली येऊ दिली नाही. अख्ख्या दिवसात धड झालेलं त्याचं तेवढं एकच काम.

रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर तयार होता. सोनम आत गेली. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर दिवलीबाई पाय वर घेऊन बसली. सोनमचा नवरा भिंतीला टेकून उभा. उदेसिंग रक्त द्यायला गेला. चेतना आतबाहेर करत होती. हेमराजला कोणी काही काम सांगत नव्हतं. त्याने फोनवर जुनी फाइल उघडली आणि दिवाळीनंतर नोंदवलेल्या बाया बघितल्या. चौघी. त्यांतल्या आणखी दोघींनी होळीचीच खूण सांगितली होती. एकीचं गाव जुन्या यादीत होतं: तिची जीप आजच जायला हवी होती. दुसरीचं गाव यादीतच नव्हतं.

तीन वाजून गेल्यावर डॉक्टर बाहेर आले. तरुणच होते. टोपी काढून त्यांनी ती हातात चुरगाळली.

"मुलगी आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडली, म्हणजे ठीक. आई वाचली. पण गर्भपिशवी फाटली होती. काढावी लागली. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघीही गेल्या होत्या."

चेतनाने ते दिवलीबाईला समजावून सांगितलं, तिच्या शेजारी उकिडवं बसून, शब्द शोधत. दिवलीबाईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने फक्त विचारलं, "म्हणजे आता नाही?"

"नाही," चेतना म्हणाली. "आता नाही."

डॉक्टर जायला वळले आणि पुन्हा थांबले. "सिस्टर, ही केस तुमच्या यादीत होती ना? आधीचं सिझर असून दिवस भरेपर्यंत वर कशी राहिली? तारीख कोणी काढली? मला लेखी द्यावं लागेल."

"सर, नोंद माझी..."

"तारीख मी काढली," हेमराज म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. शर्टावर सलाइनचे डाग, एका पायात चप्पल नाही. "तुम्ही कोण?"

"यांचा नवरा. ज्या प्रोग्रॅमवर तारखा निघतात, तो माझा आहे. त्यात गावागावच्या होळीची यादी होती. यांनी मला एकेक गाव सांगून लिहून घेतली होती. ती मी काढून टाकली, यांना न विचारता. यांची नोंद बरोबर आहे. सोनमने सांगितलं तेच लिहिलंय. लेखी मी देतो."

"आणि तुम्ही ती काढलीत का?"

"नीट दिसावं म्हणून," तो म्हणाला.

डॉक्टरांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलून त्याच्यापुढे सरकवला आणि आत निघून गेले. हेमराजने उभ्या उभ्या लिहिलं. घडलं तसं, कुणावर न ढकलता. एआयचा उल्लेख एका वाक्यात आला: त्याने विचारलं होतं, मी हो म्हटलं. खाली सही केली.

कागद आत देऊन तो दिवलीबाईसमोर जमिनीवर येऊन बसला. तिची माफी कशी मागायची हे त्याला समजत नव्हतं. कुठल्याच भाषेत समजत नव्हतं. म्हणून जे येत होतं ते विचारलं.

"आजी, वरच्या गावांची होळी... कुठली आधी, कुठली नंतर, सांगशील का? अजून दोन बाया वर आहेत."

तिने त्याच्याकडे बघितलं. नाही म्हणाली असती तर तो तिचा हक्क होता. पण तिने डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांवर गावं घेऊ लागली, ज्या वाटेने तरुणपणी ढोलामागून चालत गेली असेल त्या वाटेने, एकामागून एक. केवडीबार. जांभीपाणी. तिथून नदी उतरून पलीकडे. हेमराज खिशातल्या एका जुन्या पाकिटाच्या मागे पेनाने लिहीत गेला. यादीत नसलेलं ते गाव सोळावं आलं. उदेसिंग रक्त देऊन परतला होता. दंडावर कापूस तसाच. दोन्ही पाडे ऐकून त्याने किल्ली उचलली. "आत्तेच जास," म्हणाला आणि गेलाही.

बरोबर पाच वाजता हेमराजच्या खिशात आणि चेतनाच्या पिशवीत एकाच वेळी 'पाळणा'ची घंटी वाजली. खऱ्या पाळण्यावर वाजावी तशी नाजूक घंटी. त्याने हौसेने शोधून बसवली होती.

"काय म्हणतंय?" दिवलीबाईने विचारलं.

हेमराजला फोन बंद करून टाकता आला असता. त्याने तो बाहेर काढला आणि तिला वाचून दाखवला. "सोनम, केवडीबार. जीप पाठवायला तीन दिवस बाकी."

दिवलीबाईने मान हलवली, बाजारात कोणी ओळखीचं काही सांगावं तशी, आणि बंद दाराकडे बघत बसली.

चेतना आली. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मध्ये दिवलीबाईला ठेवून. पिशवीतून तिने एक नवी वही काढली. रुग्णालयासमोरच्या दुकानातून आत्ताच आणली असावी, वर किमतीची चिठ्ठी तशीच होती. तिने पहिलं पान उघडलं, डाव्या बाजूला रूळ नसताना हातानेच एक उभी रेघ ओढली.

"मी आज घर जाईसन यादी परत टाकस," हेमराज म्हणाला. "सगया गावं. हातथीन."

"टाका," ती म्हणाली. "मी आठे बी लिखसू."

त्याने पाकीट तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही.

"तुम्ही वाचा," ती म्हणाली. "सावकाश."

हेमराज एकेक ओळ वाचू लागला.